पुण्याहून हरिहरेश्वरला ॲपवरून टॅक्सी: जाताना मिळते, मग येताना का मिळत नाही?

शहरात ऑफिसला जायला टॅक्सी बोलावणं आणि दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या गावाला टॅक्सी नेणं, या दोन्ही गोष्टी फोनवर अगदी सारख्या दिसतात. तेच ॲप, तोच नकाशा, तेच 'बुक करा'चं बटण. त्यामुळे आपण धरून चालतो की पुण्यात जशी पाच मिनिटांत गाडी आली, तशीच रविवारी दुपारी हरिहरेश्वरातही येईल. गडबड होते ती तिथेच.

माझ्या ओळखीतले चौघे मागे असेच एकेरी टॅक्सीने हरिहरेश्वरला गेले. जाताना सगळं मस्त झालं. रविवारी दुपारी परतीसाठी ॲप उघडलं, तर 'सध्या गाड्या उपलब्ध नाहीत' एवढंच दिसत होतं. दर पाच मिनिटांनी रिफ्रेश करूनही तेच. त्यातल्या दोघांची सोमवारी सकाळी परीक्षा होती. शेवटी होमस्टेच्या काकांनी फोनाफोनी करून एक गाडीवाला मिळवून दिला. तो सांगेल ते भाडं देण्याशिवाय पर्याय नव्हता आणि पुण्यात पोचायला रात्रीचा एक वाजला.

यात ॲप बिघडलं नव्हतं. ते जसं चालायला हवं तसंच चाललं होतं. म्हणून या लेखात आपण बघू की लांबच्या प्रवासाची टॅक्सी ॲपच्या आत नेमकी कशी चालते, भाडं कसं ठरतं, रेंज गेली की काय काय बंद पडतं आणि निघण्याआधी काय करून ठेवायचं. उदाहरण पुणे ते हरिहरेश्वरचं घेतलंय, पण हाच हिशोब गणपतीपुळे, तारकर्ली किंवा भंडारदऱ्यालाही लागू होतो.

ॲप गाडी शोधतं, गाडी तयार करत नाही

ओला, उबर, सवारी अशा कंपन्यांना कायद्याच्या भाषेत 'ॲग्रीगेटर' म्हणतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा या शब्दाला कायद्यात जागा मिळाली. सोप्या भाषेत अर्थ असा, की प्रवासी आणि चालक यांची डिजिटल पद्धतीने गाठ घालून देणारा मध्यस्थ. गाडी साधारणपणे चालकाची किंवा एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याची असते. ॲप फक्त दोघांना जोडून देतं.

आता जोडायला दोन्ही बाजूंना कुणीतरी हवं ना! पुण्यात तुम्ही गाडी मागता तेव्हा ॲप तुमच्या आसपास ऑनलाइन असलेल्या चालकांना विचारतं. कोथरूड किंवा हडपसरला असे चालक भरपूर असतात. हरिहरेश्वर हे श्रीवर्धन तालुक्यातलं, समुद्राला लागून असलेलं छोटं गाव आहे. तिथे ॲप चालू ठेवून भाड्याची वाट बघत बसणारे चालक जवळपास नसतातच. त्यामुळे तुमची मागणी बरोबर नोंदवली जाते, पण ती ऐकायला पलीकडे कुणी नसतं.

दुसरी गोष्ट, या कंपन्या नकाशाचे भाग पाडतात आणि कोणती सेवा कुठून सुरू होईल हे भागाप्रमाणे ठरवतात. शहराबाहेरच्या प्रवासाची सेवा सहसा मोठ्या शहरातून सुरू होते. म्हणून 'पुणे ते हरिहरेश्वर' टाकलं की भाडं दिसतं आणि तीच नावं उलटी टाकली की बऱ्याचदा काहीच दिसत नाही. हे तपासायला तिथे जायची गरज नाही. घरी बसूनच पिकअपला हरिहरेश्वर टाका, परतीची तारीख-वेळ टाका आणि बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण सगळा बेत त्यावर ठरतो.

एकेरी की जाऊन-येऊन?

एकेरी भाडं बघितलं की स्वस्त वाटतं. पण चालकाच्या बाजूने विचार करा. पुण्याहून मुंबईला सोडलं, तर त्याला मुंबईतून परतीचं भाडं मिळायची चांगली शक्यता असते. हरिहरेश्वरला सोडलं, तर तो बहुतेक रिकामाच परत येणार. म्हणजे साधारण १७० किलोमीटरचं इंधन आणि चार-पाच तास त्याच्या अंगावर. हा रिकामा फेरा कुणीतरी भरून द्यावाच लागतो. कधी तो एकेरी भाड्यातच मिळवलेला असतो. कधी चालक बुकिंग घेतो आणि ठिकाण कळल्यावर रद्द करतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. एकेरी प्रवास म्हणजे फक्त पिकअप ते ड्रॉप. वाटेत श्रीवर्धनला वळणं, दिवेआगरला सुवर्णगणेशाचं दर्शन घेणं हे त्यात धरलेलं नसतं. जाऊन-येऊन प्रवासात गाडी आणि चालक तुमच्यासोबत थांबतात, आणि ठरलेल्या किलोमीटरमध्ये तुम्ही फिरू शकता.

माझं मत विचाराल तर तीन-चार जण असाल आणि एक मुक्काम असेल, तर हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी जाऊन-येऊनच करा. तीन-चार दिवस राहणार असाल, तर मात्र गाडी नुसती उभी ठेवायचे पैसे फार होतात. तेव्हा एकेरी जा, पण परतीची सोय निघण्याआधी पक्की करा. ती कशी, ते पुढे सांगतो.

भाड्याचा हिशोब: २५० किलोमीटरची गोम

जाऊन-येऊन प्रवासात बहुतेक ठिकाणी 'दिवसाला किमान इतके किलोमीटर' असा नियम असतो. बऱ्याच जणांकडे हा आकडा २५० असतो, काहींकडे ३००. म्हणजे गाडी कमी फिरली तरी पैसे तेवढ्या किलोमीटरचे द्यावे लागतात. आणि 'दिवस' म्हणजे २४ तास नव्हे, तर कॅलेंडरचा दिवस, रात्री १२ ते रात्री १२.

एक उदाहरण करून बघू. यातले दर फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या ॲपवर वेगळे असतील. किलोमीटरला १४ रुपये आणि चालक भत्ता दिवसाला ३०० रुपये धरा.

शनिवारी पहाटे निघालात, रविवारी रात्री परत आलात. दिवस दोन, म्हणजे किमान ५०० किलोमीटर.
५०० गुणिले १४ = ७,००० रुपये.
चालक भत्ता दोन दिवसांचा ६०० रुपये.
एकूण ७,६०० रुपये. चौघांत प्रत्येकी १,९००.

आता समजा उत्साहाच्या भरात शुक्रवारी रात्री ११ वाजता निघालात. शुक्रवारचा फक्त एक तास वापरला, पण दिवस मोजले जातील तीन.
७५० गुणिले १४ = १०,५०० रुपये.
चालक भत्ता ९०० रुपये.
एकूण ११,४०० रुपये. चौघांत प्रत्येकी २,८५०.

एका तासासाठी ३,८०० रुपये जास्त! शिवाय रात्रीचा घाट आणि झोपेला आलेला चालक, हा धोका वेगळाच. परतताना रविवारी रात्री १२ नंतर पोचलात, तरी हाच नियम लागू होऊ शकतो. म्हणून परतीची वेळ ठरवताना दोन तास हाताशी ठेवा.

याच नियमाची चांगली बाजूही आहे. पुणे-हरिहरेश्वर जाऊन-येऊन साधारण ३४० किलोमीटर होतात. पैसे तुम्ही ५०० चे देताय. म्हणजे जवळपास १६० किलोमीटर शिल्लक. हरिहरेश्वरहून श्रीवर्धनमार्गे दिवेआगर करून परत आलात तरी ८० च्या आसपास होतात. म्हणजे किलोमीटरच्या हिशोबात ही चक्कर फुकटच पडते. हे माहीत नसल्यामुळे 'जास्त पैसे होतील' म्हणून बरेच जण गेस्ट हाऊसमध्ये बसून राहतात.

बुक करण्याआधी 'भाड्याचा तपशील' हे पान उघडून एवढं वाचा:

- किलोमीटर कुठून मोजणार? तुमच्या दारातून की चालकाच्या गॅरेजमधून?
- ठरलेल्या किलोमीटरच्या वर गेल्यास दर किती?
- रात्रीचा आकार किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? पहाटे पाचला निघालात तर तो लागतो का?
- टोल, पार्किंग आणि जीएसटी भाड्यात धरलाय की वेगळा?
- रद्द केल्यास किती पैसे कापणार आणि किती तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं?

या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंतर वाद झाला तर तोंडी बोलण्यापेक्षा तो कामाला येतो.

पिन टाकताना जरा थांबा

सर्चमध्ये नुसतं 'हरिहरेश्वर मंदिर' टाकलं की फोन नावाशी जुळणारी ठिकाणं दाखवतो. गंमत अशी की कर्नाटकात दावणगेरे जिल्ह्यात हरिहर नावाचं शहर आहे आणि तिथेही हरिहरेश्वराचं जुनं, प्रसिद्ध मंदिर आहे. शिवाय आपल्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ हरिहर किल्ला आहे. घाईत चुकीच्या नावावर बोट पडलं, तर भाडं आणि अंतर दोन्ही भलतंच येतं. निवडताना खाली 'श्रीवर्धन, रायगड' लिहिलंय ना, ते बघा. अंतर १७० किलोमीटरच्या आसपास दिसलं की समजायचं बरोबर आहे.

मुक्काम होमस्टेमध्ये असेल तर मालकांकडून लोकेशन पिन मागून घ्या. कोकणात घरं वाडीत, आत गल्लीत असतात आणि नकाशावर त्यांची जागा कधीकधी शे-दोनशे मीटर इकडेतिकडे असते. रात्रीच्या अंधारात ते दोनशे मीटर बरेच होतात.

नकाशा, घाट आणि फेरीबोट

पुण्याहून नेहमीचा रस्ता मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर असा. नकाशावर वेळ दिसते, पण ती येते कुठून हे माहिती हवं. रस्त्यावरून जाणाऱ्या बाकीच्या फोनचा वेग बघून ॲप अंदाज बांधतं. एक्स्प्रेसवेवर हजारो फोन असतात, म्हणून अंदाज जवळजवळ बरोबर येतो. ताम्हिणीत सकाळी गाड्या कमी आणि रेंजही कमी, त्यामुळे तिथे नकाशा जास्त करून जुन्या माहितीवर चालतो. रात्री दरड पडली असेल तर पहाटे नकाशाला ते लगेच कळेलच असं नाही.

ताम्हिणीत पावसाळ्यात प्रचंड पाऊस पडतो आणि दरडींमुळे किंवा दुरुस्तीसाठी घाट बंद होण्याचे प्रसंग येतात. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल, तर आदल्या रात्री आणि निघताना बातम्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या सूचना बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे होमस्टेवाल्यांना विचारा, 'आज ताम्हिणीतून गाड्या येताहेत का?' त्यांच्याकडे रोज पुण्याचे पाहुणे येत असतात. घाट बंद असेल तर खोपोली-पालीकडून वळसा घ्यावा लागतो. मग किलोमीटर आणि टोल दोन्ही वाढतात. हे वाढीव पैसे कोण देणार, हे चालकाशी निघायच्या आधी बोललेलं बरं.

मुंबई किंवा अलिबागकडून येणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. नकाशा कधीकधी मुरूडजवळच्या आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने जायला सांगतो. या बोटीत गाडीही चढते आणि लांबचा वळसा वाचतो. तसंच हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून बाणकोटच्या खाडीपलीकडे वेसवीला फेरीबोट जाते, म्हणजे तुम्ही थेट रत्नागिरी जिल्ह्यात. दापोली-हर्णैला जाणाऱ्यांना ती सोयीची. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. फेरीचं तिकीट टॅक्सीच्या भाड्यात नसतं. शेवटची बोट किती वाजता, हे नकाशावर बघून ठरवू नका, फोन करून विचारा. आणि सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर गाड्यांची रांग लागते, ती नकाशातल्या वेळेत धरलेली नसते. बोटीने जायचं नसेल तर नकाशाच्या सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' असा पर्याय असतो, तो चालू करा.

रेंज गेली की काय चालतं, काय बंद पडतं?

हा भाग नीट वाचा, कारण घाटात आणि म्हसळ्याच्या पुढे काही ठिकाणी रेंज येते-जाते.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. तुमचा फोन उपग्रहांकडून येणारे सिग्नल नुसते ऐकतो आणि स्वतःची जागा काढतो. म्हणजे रेंज नसली तरी 'आपण कुठे आहोत' हे फोनला कळतं. बंद पडतो तो नकाशाचं चित्र आणि गर्दीची माहिती आणणारा डेटा. म्हणून घरच्या वायफायवर पुणे ते श्रीवर्धन हा भाग ऑफलाइन नकाशा म्हणून डाउनलोड करून ठेवा. मग रेंज नसतानाही निळा ठिपका रस्त्यावर सरकत राहतो.

लाइव्ह लोकेशन मात्र थांबतं. तुमच्या फोनला जागा माहीत असते, पण ती घरच्यांपर्यंत पाठवायला नेट लागतं. घरच्यांना ठिपका घाटात एकाच जागी अडकलेला दिसतो आणि इकडे आई काळजीने फोनवर फोन लावते. फोनही लागत नाही! म्हणून आधीच सांगून ठेवा, 'ताम्हिणीत तासभर ठिपका हलणार नाही. माणगावला पोचलो की फोन करतो.' व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय असतात. त्यातला ८ तासांचा निवडा.

भाड्याच्या हिशोबावरही रेंजचा परिणाम होऊ शकतो. चालकाचं ॲप जीपीएसचे ठिपके जोडून अंतर काढतं. रेंज नसताना ठिपके फोनमध्ये साठतात आणि नंतर पाठवले जातात. पण मध्येच चालकाचा फोन बंद पडला किंवा ॲप बंद झालं, तर मधला तुकडा ॲप अंदाजाने भरतं. तो कमी-जास्त होऊ शकतो. यावर साधा उपाय आहे. निघताना आणि उतरताना गाडीच्या किलोमीटर मीटरचा फोटो काढा. मी प्रत्येक लांबच्या प्रवासात हे करतो आणि चालकासमोरच करतो. त्यालाही बरं वाटतं, कारण पुरावा दोघांच्या उपयोगाचा असतो.

आणीबाणीत ११२ हा नंबर लक्षात ठेवा. तुमच्या सिमची रेंज नसेल, पण जवळ दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल, तर फोन त्यावरूनही हा कॉल लावू शकतो. फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसतं त्याचा अर्थ हाच. ॲपमधलं एसओएसचं बटण मात्र बहुतेक वेळा नेटवर अवलंबून असतं. म्हणून फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

गाडी दारात आली की ही तपासणी करा

१. नंबर जुळवा. ॲपवरचा नंबर आणि पाटीवरचा नंबर एकच हवा. 'ती गाडी खराब झाली, म्हणून ही आणली' असं म्हणाला तर ॲपमध्ये बदल करून घ्यायला सांगा. तोवर ओटीपी देऊ नका.

२. पाटीचा रंग बघा. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि त्यावर काळी अक्षरं असतात. इलेक्ट्रिक टॅक्सी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. तिला भाड्याने प्रवासी नेण्याचं परमिट नसतं आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो.

३. एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. एक मिनिट लागतं.

४. टायर आणि मागचे सीटबेल्ट बघा. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट बंधनकारक आहे, नाहीतर १,००० रुपये दंड होऊ शकतो. दंडाचं सोडा, पण घाटाच्या वळणांवर बेल्ट हवाच.

५. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदणी झालेल्या टॅक्सींमध्ये ट्रॅकिंगचं यंत्र आणि पॅनिक बटण असणं अपेक्षित आहे. बसल्यावर ते कुठे आहे ते बघून ठेवा.

६. सीएनजी गाडी असेल तर डिकीत सिलिंडर असतो. चौघांच्या चार मोठ्या बॅगा त्यात बसणार नाहीत. बुक करतानाच विचारा, आणि गॅस आधीच भरून यायला सांगा. नाहीतर पहिला तास पंपाच्या रांगेत जातो.

"साहेब, ॲपवर कॅन्सल करा, मी डायरेक्ट येतो"

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. चालक असं का म्हणतो, तेही समजून घ्या. भाड्यातला काही भाग कंपनी कमिशन म्हणून कापते. लांबच्या प्रवासात तो आकडा मोठा असतो. ते वाचवून 'दोघांचा फायदा करू' असा त्याचा हिशोब असतो. बऱ्याचदा माणूस चांगलाच असतो.

पण कॅन्सलचं बटण दाबलं की ॲपच्या नजरेत तुमचा प्रवास झालाच नाही. कोणती गाडी, कोणता चालक, कोणत्या रस्त्याने, याची नोंद नाही. एसओएस नाही, बिल नाही, आणि काही बिनसलं तर तक्रार कुणाकडे करणार? काहीशे रुपयांसाठी हे सगळं सोडून देणं मला पटत नाही. ओळखीचा, आधी अनुभव घेतलेला चालक असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हासुद्धा गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि ठरलेलं भाडं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि घरी पाठवा.

आणि हो, चालक दोन दिवस तुमच्यासोबत असणार आहे. त्याच्या मुक्कामाचं काय, हे होमस्टे बुक करतानाच विचारा. बऱ्याच ठिकाणी चालकासाठी खोली असते. रात्रभर डास मारत गाडीत झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाटात गाडी चालवणार असेल, तर तो प्रश्न तुमचाही आहे.

पैसे देताना

आगाऊ रक्कम भरायची असेल तर ती ॲपच्या आतूनच भरा. गुगलवर 'स्वस्त टॅक्सी' शोधून मिळालेल्या अनोळखी वेबसाइटवर 'फक्त १०१ रुपये भरून बुकिंग पक्कं करा' असं दिसलं, तर सावध व्हा. अशा पानांवर कार्डाची माहिती चोरली जाते किंवा एखादं बाहेरचं ॲप इन्स्टॉल करायला लावलं जातं. कस्टमर केअरचा नंबरही सर्चमधून घेऊ नका, ॲपच्या 'मदत' भागातूनच घ्या. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

शिवाय रोख रक्कम जवळ ठेवा. फेरीचं तिकीट, पार्किंग, वाटेतला चहा-वडा आणि रेंज नसताना चालकाचे उरलेले पैसे, या सगळ्यासाठी दोन-तीन हजार रुपये सुट्ट्या नोटांत असू द्या.

एकेरी गेलात तर परत कसं यायचं?

पर्याय तीन आहेत.

पहिला, स्थानिक गाडी. बुकिंग करतानाच होमस्टेवाल्यांना सांगा, 'रविवारी दुपारी पुण्याला सोडणारी गाडी हवी.' दोन दिवस आधी सांगितलं तर भाडं बोलून ठरवता येतं. दुपारी दोनला, बॅगा भरून दारात उभं राहून सांगितलं तर नाही.

दुसरा, एसटी. श्रीवर्धनला एसटीचा आगार आहे आणि मोठ्या शहरांकडे जाणाऱ्या गाड्या तिथून सुटतात. एसटीच्या ॲपवर आरक्षण आधीच बघून ठेवा, कारण रविवारच्या गाड्या लवकर भरतात.

तिसरा, माणगाव गाठा. हरिहरेश्वरपासून साधारण ६० किलोमीटरवर माणगाव आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचं हे गाव, कोकण रेल्वेचं स्टेशनही इथे आहे. मुंबई-पनवेलकडे जाणाऱ्यांना हे जास्त सोयीचं. एसटीच्या बसही इथून जास्त मिळतात.

ॲपवर परतीची गाडी 'शेड्यूल' झाली म्हणून निश्चिंत राहू नका. शेड्यूल म्हणजे बऱ्याचदा फक्त विनंती नोंदवलेली असते. चालकाचं नाव आणि गाडीचा नंबर आला, आणि तुम्ही फोन करून त्याच्याशी बोललात, की मगच गाडी पक्की समजा.

पोचायची वेळ ओहोटीवरून ठरवा

हे टॅक्सीचं नाही, पण निघायची वेळ यावरच ठरते. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग समुद्रालगतच्या खडकांवरून जातो आणि तो फक्त ओहोटीला करता येतो. भरतीच्या वेळी लाटांनी माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. भरती-ओहोटीच्या वेळा फोनवर मिळतात आणि रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. त्या बघा, गावकऱ्यांना विचारा, आणि त्याप्रमाणे गाडीची वेळ टाका. उशीर झाला तर त्या दिवशी प्रदक्षिणा सोडून द्या. गाडीचे पैसे भरलेत म्हणून भरतीत उतरायचं नाही.

निघण्याआधी आदल्या रात्री

- उलटं सर्च करून बघितलं का? हरिहरेश्वर ते पुणे गाडी दिसते का?
- भाड्याच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट काढला?
- दिवस रात्री १२ ते १२ मोजून बघितले?
- पिनखाली 'श्रीवर्धन, रायगड' आहे ना?
- ऑफलाइन नकाशा उतरवला? पॉवर बँक भरली?
- घाट चालू आहे का, विचारलं?
- परतीच्या चालकाचा नंबर कागदावरही लिहून घेतला?

फोन बंद पडला तर फोनमधला नंबर काय कामाचा? म्हणून शेवटचा मुद्दा कागदावर.